पँथर काळा, सी हॉक पिस्ता: सुरुवातीच्या नौदल जेटचे रंग का बिघडतात आणि कसे सुधारायचे

सोलापुरात प्लास्टिकची स्केल मॉडेल करणारे मोजकेच आहेत, पण त्यांच्याकडून एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. अमेरिकन नौदलाचं पँथर किंवा बॅन्शी हे जेट रंगवलं, बाटलीवरचा नंबर नीट बघून घेतला होता, तरी विमान काळंच दिसतंय. गच्चीवर उन्हात नेलं तर जांभळट, रात्री टेबलावर आणलं की पुन्हा काळं. दुसरी तक्रार आपल्या नौदलाच्या सी हॉक या जेटची. पोटाचा रंग पिस्त्यासारखा हिरवा झाला आणि पाठीचा करडा कधी निळा, कधी कोळशासारखा. मग दुसऱ्या कंपनीची बाटली मागवली जाते, मग तिसऱ्या. लॅकर (थिनरवर चालणारा रंग) ज्वालाग्राही असल्यामुळे कुरिअरवाले तो विमानाने नेत नाहीत. पुण्या-मुंबईहून रस्त्याने यायला वेळ जातो, पैसे जातात आणि निकाल तोच लागतो.

यात बाटलीचा दोष क्वचितच असतो. दोन चांगल्या कंपन्यांच्या एकाच नंबरच्या रंगात थोडा फरक असतोच, पण काळा आणि निळा इतका नसतो. एवढा मोठा फरक पडायला कारणं वेगळी असतात. विमानाचं साल पाहिलेलं नसतं, पारख चुकीच्या उजेडात झालेली असते, खालचं अस्तर चुकलेलं असतं, नाहीतर चमक चढायच्या आधीच निर्णय घेतलेला असतो. नवी बाटली मागवायच्या आधी हे सगळं तपासून घ्या. मी ज्या क्रमाने तपासतो त्याच क्रमाने लिहितो.

आधी साल बघा

किटमध्ये दोन-तीन विमानांची डिकल (चिकटवायची चिन्हं) असतात आणि आपण चित्र आवडलं म्हणून त्यातलं एक निवडतो. ते विमान कोणत्या वर्षीचं आहे, हे मात्र रंगाच्या दृष्टीने पहिलं बघायला हवं.

अमेरिकन नौदलाने १९४४ मध्ये विमानवाहक नौकांवरच्या लढाऊ विमानांसाठी एकरंगी चकचकीत गडद निळा ठरवला आणि तो १९५५ पर्यंत चालला. त्यामुळे सुरुवातीची जवळजवळ सगळी जेट विमानं याच निळ्यात आहेत. २१ जुलै १९४६ रोजी फ्रँकलिन डी. रूझवेल्ट या नौकेवर उतरलेल्या मॅक्डोनेल फँटमचा काळ हाच. ३ जुलै १९५० रोजी व्हॅली फोर्जवरून कोरियात पहिल्यांदा लढाईत उतरलेले पँथरही निळेच. नील आर्मस्ट्राँग १९५१-५२ मध्ये एसेक्सवरून उडवत होते ते पँथरही याच रंगाचे. फेब्रुवारी १९५५ मध्ये आदेश बदलला: वरून फिका करडा, खालून पांढरा. पण आदेश निघाला म्हणून सगळी विमानं एका रात्रीत रंगवली गेली नाहीत. पुढची दोनेक वर्षं एकाच डेकवर निळी आणि करडी-पांढरी विमानं शेजारी शेजारी उभी असायची. म्हणून १९५६ चा कूगर कोणत्या रंगात करायचा, हे त्या ठरावीक विमानाचा फोटो बघूनच ठरवा.

आता नंबर. कोरियाच्या युद्धात या निळ्याचा नंबर तेव्हाच्या अमेरिकन लष्करी रंगयादीत एएनए ६२३ होता. एफएस ५९५ ही रंगांची अमेरिकन सरकारी यादी आली १९५६ मध्ये आणि तिच्यात त्याच्या जागी १५०४२ आला. आज बाटलीवर यापैकी कोणताही नंबर दिसला तरी रंग एकच समजा. एफएसच्या पाच आकड्यांत बरीच माहिती असते आणि ती वाचता आली की निम्म्या शंका तिथेच मिटतात. पहिला आकडा चमक सांगतो: १ म्हणजे चकचकीत, २ म्हणजे मध्यम, ३ म्हणजे मॅट (चमक नसलेला). दुसरा आकडा रंगाचं कुटुंब सांगतो: ५ निळा, ६ करडा, ७ मध्ये पांढरा-काळा वगैरे. शेवटचे तीन आकडे जितके लहान, तितका रंग गडद.

१५०४२ या नजरेने वाचून बघा. चकचकीत, निळा आणि शेवटी ०४२, म्हणजे अतिशय गडद. काळ्याच्या अगदी जवळ जाणारा.

विमान काळंच दिसतंय

म्हणून पहिली गोष्ट ही की तक्रार अर्धी खरी आणि अर्धी अपेक्षेची आहे. हे विमान सावलीत काळपट दिसायलाच हवं. खरा निळा दिसतो तो जिथे उजेड तिरपा पडतो तिथे: पंखाच्या वळणावर, नाकाच्या गोलाईवर, इंधनटाकीच्या कडेला. ज्या मॉडेलचा निळा खोलीतल्या दिव्यात लांबूनही स्वच्छ निळा दिसतो, ते बहुतेक वेळा जास्त फिकं झालेलं असतं.

मग रंग ठीक आहे की खरंच काळा झाला आहे, हे कसं ओळखायचं? कागदी प्लेट-ग्लास विकणाऱ्या दुकानात पांढरे प्लास्टिकचे चमचे मिळतात. एका चमच्याच्या फुगीर बाजूवर चकचकीत काळा मारा, दुसऱ्यावर तुमचा निळा, अगदी मॉडेलवर जसा मारला तसाच: तेच अस्तर, तेवढेच हात, वर तोच क्लिअर कोट (पारदर्शक लेप). दोन्ही चमचे शेजारी धरून खिडकीजवळ हळूहळू फिरवा. नुसत्या काळ्याच्या शेजारी निळा लगेच वेगळा उठून दिसला, चकाकीच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना निळेपणा पसरलेला दिसला, तर तुमचा रंग बरोबर आहे. मॉडेल सुखाने पुढे न्या. दोघांत फरक ओळखायला डोळे बारीक करावे लागले तर मात्र गडबड आहे आणि ती बहुतेक खालून आलेली आहे.

खालून म्हणजे अस्तरातून. हल्ली काळ्या प्रायमरवर पातळ पातळ हात देऊन रंग चढवायची पद्धत फार रुळली आहे. करड्या, हिरव्या, पिवळट रंगांना ती छान जमते. या निळ्याला ती मारक आहे. रंग आधीच इतका गडद की त्याच्यातून परत येणाऱ्या थोड्याशा निळ्या उजेडावर सगळा खेळ असतो, आणि खाली काळं असेल तर तेवढाही उजेड गिळला जातो. कितीही हात दिले तरी निळा वर येत नाही, उलट रंगाचा थर जाड होऊन पॅनलच्या रेषा बुजतात. मध्यम करडं अस्तर वापरा. १/७२ (खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या हिश्शाएवढ्या) लहान मॉडेलवर मी करड्यावर आधी मध्यम निळ्याचा एक पातळ हात देतो, मग गडद निळा. खाली निळं असलं की वरचा रंग जिवंत राहतो.

काळं अस्तर देऊन झालंच असेल तर सगळं खरवडायची गरज नाही. दोन हजार नंबरच्या वॉटर पेपरने पाण्यात हलकं घासा, वर मध्यम निळ्याचा अपारदर्शक हात द्या आणि पुन्हा गडद निळा चढवा.

दुसरं कारण चमक. मॅट पृष्ठभागावरून पांढरा उजेड सगळीकडे विखुरतो आणि तो रंगात मिसळून रंग फिका, राखाडी दाखवतो. तोच रंग चकचकीत केला की विखुरणं थांबतं आणि रंग एकदम खोल जातो. १५०४२ आणि ३५०४२ यांचे शेवटचे आकडे सारखे असूनही नमुन्याच्या रंगपट्टीवर ते दोन वेगळे रंग वाटतात, ते याच कारणाने. ३५०४२ हा दुसऱ्या महायुद्धातल्या तीनरंगी पद्धतीतला मॅट निळा. बरेच जण मॅट निळा मारतात, तो फिका वाटतो म्हणून त्यात काळा मिसळतात आणि मग वर ग्लॉस चढवतात. ग्लॉसने तो आणखी एक पायरी उतरतो आणि काळा होतो. रंग जमला की नाही, हे ग्लॉस चढल्यावरच ठरवायचं. त्याआधी डोळ्यांना काहीही वाटो, रंगात काही मिसळायचं नाही.

टामिया कंपनीचा एक्सएफ-१७ 'सी ब्लू' या नावाने मिळतो म्हणून पुष्कळ जण घेतात. तो मॅट आहे आणि त्याची झाक वेगळी आहे. या कामासाठी मिस्टर कलरचा ३६५ किंवा व्हॅलेहोचा ७१.३०० हे थेट या निळ्यासाठीच काढलेले रंग आहेत. टामियाचा स्प्रे कॅन चालणार असेल तर एएस-८ आहे, पण त्यावर क्लिअर कोट हवाच.

तिसरं कारण मॉडेलचा आकार. लहान वस्तूवरचा गडद रंग मोठ्या वस्तूवरच्या त्याच रंगापेक्षा जास्त गडद वाटतो, म्हणून रंग थोडा उजळ करण्याचा प्रघात आहे. १/४८ ला साधारण दहा टक्क्यांच्या आत, १/७२ ला पंधरापर्यंत असं लोक सांगतात. माझं मत विचाराल तर या निळ्यात हात आखडता ठेवा आणि उजळ करायला पांढरा कधीच वापरू नका. पांढऱ्याने रंग दुधाळ होतो, खडूसारखा वाटतो. त्याऐवजी मध्यम निळा-करडा मिसळा. मिस्टर कलरमध्ये ३६६, म्हणजे एफएस ३५१६४, हे काम नेमकं करतो.

उन्हात जांभळा, ट्यूबखाली हिरवट

मला सगळ्यात जास्त आवडणारा भाग हाच, कारण याचं उत्तर सोलापुरात कोणत्याही हॉबीच्या दुकानापेक्षा डाईंगमध्ये जास्त चांगलं मिळतं.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यांत शेड जुळवायला एक पेटी असते. आतून करड्या रंगाची, वर वेगवेगळे दिवे, पुढे बटणं. डी६५ म्हणजे दिवसाचा उजेड, टीएल८४ म्हणजे परदेशातल्या दुकानांतली ट्यूब, आणि एक पिवळा बल्ब. एका ओळखीच्या डाईंग मास्टरांकडे मी निळे दोन चमचे घेऊन गेलो होतो. एक तयार बाटलीतला, दुसरा निळा, काळा आणि थोडा लाल मिसळून हाताने जुळवलेला. डी६५ खाली दोन्ही चमचे तंतोतंत एक. त्यांनी टीएल८४ चं बटण दाबलं आणि मिसळलेला चमचा डोळ्यांदेखत जांभळा झाला, तयार रंगाचा तिथेच राहिला. पिवळ्या बल्बखाली फरक आणखी वाढला. मास्टर म्हणाले, "मालक, कुठल्या लाईटखाली बघणार ते आधी सांगा की. शेड नंतर जुळवू." त्यांच्याकडे गिऱ्हाईक लॅब डिप (रंगवलेला नमुना) मंजूर करताना दिवासुद्धा ठरवून देतं, त्यामुळे त्यांना या प्रकाराचं काहीच नवल नाही.

कारण असं की दोन रंग एका उजेडात सारखे दिसले तरी त्यांच्यातली रंगद्रव्यं वेगळी असू शकतात. प्रत्येक रंगद्रव्य उजेडातला वेगळा भाग परत फेकतं. दिवा बदलला की त्या दिव्यात असलेले-नसलेले भाग बदलतात आणि जुळलेली जोडी फुटते. स्वस्त एलईडी बल्बमध्ये लाल भाग कमी असतो, निळा जास्त. आपण रात्री अशा बल्बखाली रंग मिसळतो आणि सकाळी उन्हात तो वेगळाच निघतो.

उपाय तीन आहेत आणि तिन्ही स्वस्त आहेत. पारख सकाळी, उत्तरेकडच्या खिडकीशी किंवा गॅलरीच्या सावलीत करा. सोलापूरचं दुपारचं थेट ऊन नको, त्याच्या चकाकीत रंग कळत नाही. रात्रीच काम करावं लागत असेल तर सीआरआय (रंग किती खरे दिसतात ते सांगणारा आकडा) ९० च्या वरचा आणि ५००० ते ६५०० केल्विनचा एलईडी घ्या, खोक्यावर हे आकडे छापलेले असतात. आणि हाताने मिसळायचंच असेल तर कमीत कमी बाटल्यांतून मिसळा. जितकी रंगद्रव्यं जास्त, तितकी दिव्यागणिक फसगत जास्त.

बाटलीतल्या निळ्याची मूळ झाक कोणती, हे ओळखायची एक सोपी चाचणी आहे. चांगल्या पांढऱ्याच्या दहा थेंबांत तुमच्या निळ्याचा एक थेंब घालून ढवळा. गडद रंगात लपलेली झाक पांढऱ्यात उघडी पडते. मिश्रण जांभळट आकाशी झालं तर ही बाटली उन्हात जांभळी दिसणारच. मोरपिशी झालं तर हिरवट दिसणार. किंचित हिरवटाकडे झुकणारा, राखेची छटा असलेला निळा आला तर तो या विमानासाठी योग्य. जांभळी झाक असेल तर हिरव्या झाकेच्या निळ्याचे एक-दोन थेंब बाटलीभर रंगाला पुरतात. हिरवा रंग घालू नका, त्याने रंग मळकट होतो.

सोलापूरची हवा

एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. एअरब्रशमधून निघालेला थेंब मॉडेलवर पोचेपर्यंत अर्धा वाळतो आणि रंग भुकटीसारखा बसतो. बोट फिरवलं तर खरखरीत लागतं. ही खरखर म्हणजेच मॅट पृष्ठभाग, त्यामुळे निळा राखाडी आणि फिका दिसतो, आणि आपण समजतो शेड चुकली. रंग नेहमीपेक्षा जास्त पातळ करा, लॅकर असेल तर लेव्हलिंग थिनर वापरा कारण तो सावकाश उडतो, दाब पंधरा पीएसआयच्या आसपास ठेवा आणि एअरब्रश मॉडेलपासून चार-पाच बोटांवर आणा. काम सकाळी लवकर उरका. पंखा बंद ठेवावा लागतो, हे उन्हाळ्यात कठीण आहे, पण पंख्याने धूळही येते आणि रंगही वाटेतच वाळतो. आधी बसलेली भुकटी बारीक वॉटर पेपरने घासून काढा, वर रंगाचा एक ओलसर हात द्या. बहुतेक वेळा शेड आपोआप जागेवर येते.

पावसाळ्यात उलट. लॅकरचा थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ तिथे धरते आणि निळ्यावर दुधी धुरकट पडदा येतो. घाबरू नका, रंग खराब झालेला नसतो. दुसऱ्या दिवशी कोरड्या हवेत नुसत्या लेव्हलिंग थिनरचा अगदी हलका फवारा मारा, पडदा विरघळून जातो. पाऊस चालू असताना ग्लॉस मारायचा हट्ट सोडा. हे चकचकीत निळं काम गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, डिसेंबर ते फेब्रुवारीत करा. त्या दिवसांत हवा जितकी साथ देते तितकी वर्षभरात कधी देत नाही.

पाण्याचे अॅक्रिलिक रंग पातळ करायला बोअरचं पाणी वापरू नका. त्यातले क्षार गडद निळ्यावर पांढरे ठिपके ठेवून जातात. पेट्रोल पंपावर किंवा बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटर घ्या.

गाड्यांच्या रंगाच्या दुकानातून शेड जुळवून आणायचा विचार कुणाला सुचतो. नमुन्याची रंगपट्टी दिली तर ते उत्तम जुळवतात. पण त्यांचा थिनर प्लास्टिक खातो. चांगलं लॅकर प्रायमर आधी पूर्ण वाळवून, वर अगदी कोरडे हलके हात दिले तर चालतं. नवख्याने हा मार्ग धरू नये.

फोटोवर किती विसंबायचं

कोरियाच्या काळातले रंगीत फोटो पाहून रंग ठरवायचा मोह होतो. कोडाक्रोम फिल्मच्या स्लाइड अंधारात ठेवल्या तर रंग चांगला धरतात, एक्टाक्रोमच्या जुन्या स्लाइड बऱ्याचदा लालसर-जांभळ्या होतात. त्या स्कॅन करणाऱ्याने रंग आपल्या अंदाजाने सुधारलेला असतो, आणि आपण तो मोबाइलवर, पिवळट 'आय कम्फर्ट' चालू ठेवून बघतो. एवढ्या पायऱ्यांनंतर फोटोतून शेड काढणं व्यर्थ. फोटोतून दुसऱ्या गोष्टी घ्या, त्या अमूल्य आहेत: पंखाची वरची बाजू उन्हा-खारवाऱ्याने कशी फिकी पडली आहे, डागडुजीचे ताजे गडद ठिपके कुठे आहेत, नाकातल्या तोफांच्या धुराची काजळी किती मागे गेली आहे. फिकेपणा दाखवायचाच असेल तर तो विमानाच्या वरच्या भागावर, निळ्या-करड्याच्या अतिशय पातळ फवाऱ्याने द्या, पोटाला नको.

संग्रहालयातल्या विमानाचंही तसंच. गोव्याच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॉक जवळून बघायला मिळतो आणि सोलापूरहून जाणाऱ्याने तो चुकवू नये. पण उघड्यावर, समुद्राच्या हवेत उभ्या असलेल्या विमानाला वेळोवेळी पुन्हा रंग द्यावाच लागतो. तिथून आकार, झडपा, चाकांच्या खोबणी टिपून आणा. शेड तिथून घेऊ नका.

सी हॉकचं पोट पिस्ता का होतं

आपल्या दृष्टीने जिव्हाळ्याचं विमान हेच. भारतीय नौदलाच्या ३०० स्क्वाड्रनने, म्हणजे व्हाइट टायगर्सनी, १९६० मध्ये ब्रिटनमध्ये सी हॉक घेतले. ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टला विक्रांत नौदलात दाखल झाली आणि त्याच वर्षी १८ मे रोजी तिच्या डेकवर पहिलं जेट उतरवलं ते लेफ्टनंट ताहिलियानी यांनी, जे पुढे नौदलप्रमुख झाले. डिसेंबर १९७१ मध्ये कॉक्स बझार आणि चितगावावर विक्रांतवरून गेले तेही सी हॉकच. विमानांबरोबर ब्रिटिश नौदलाची रंगपद्धत आली: पाठीवर एक्स्ट्रा डार्क सी ग्रे, बीएस ३८१सी या ब्रिटिश रंगयादीतला ६४०, आणि बाजूंना व पोटाला स्काय, म्हणजे २१०. १९५१ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या ८०० स्क्वाड्रनमध्ये आलेल्या अटॅकरपासून ही जोडी जेटवर दिसते.

स्काय हा किंचित पिवळट-हिरवट असा अतिशय फिका रंग आहे. ब्रिटिश यादीत पहिला आकडा २ म्हणजे हिरव्यांचं कुटुंब, म्हणून २१० तिथे बसतो. त्याच यादीत १०१ नंबरचा स्काय ब्लू वेगळा आहे आणि तो खरोखर निळा आहे. बाटली घेताना दोघांची गल्लत करू नका.

पिस्ता होण्यामागचं नेहमीचं कारण बाटलीच्या तळाशी असतं, शब्दशः. स्कायमध्ये सगळ्यात जास्त भाग पांढऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडचा आणि तो रंगद्रव्यांत जड. बाटली महिनोन्‌महिने कपाटात उभी राहिली, त्यात आपला उन्हाळा लागला, की पांढरा तळाशी घट्ट बसतो आणि हिरवट-पिवळट भाग वर राहतो. आपण दोनदा हलवून वरचा रंग कपात ओततो, तो अर्थातच हिरवा निघतो. काडीने तळ खरवडा, तो मऊ होऊन पूर्ण मिसळेपर्यंत ढवळा. बाटलीत स्टेनलेसचे दोन छर्रे टाकून ठेवले तर काम सोपं होतं. साधे लोखंडी नकोत, पाण्याच्या रंगात गंज धरतात. एकदा वरवरचा रंग वापरून झाला असेल तर उरलेली बाटली कायमची पांढरट झालेली असते. तिचा उपयोग फिका पडलेला स्काय दाखवायला करा.

तळापर्यंत ढवळूनही रंग हिरवा वाटला तर पांढरा आणि थेंबभर पिवळी माती, म्हणजे यलो ऑकर, घाला. ऑकरने हिरवेपणा दबतो आणि रंग उबदार होतो. मिस्टर कलरचा ३६८ आणि हंब्रोलचा ९० हे स्कायसाठी काढलेले रंग आहेत, सुरुवात तिथून करा. अस्तर फिकं करडं किंवा पांढरं ठेवा. आणि क्लिअर कोट जुना, पिवळा पडणारा तेलाचा व्हार्निश असेल तर सगळी मेहनत वाया जाते. स्कायवर तो काही महिन्यांत लोण्यासारखा पिवळा दिसतो, निळ्यावर हिरवा. टामिया एक्स-२२ किंवा जीएक्स१०० असा अॅक्रिलिक किंवा लॅकर क्लिअर घ्या.

पाठीचा करडा तुलनेने सोपा. ६४० हा निळसर झाकेचा गडद करडा आहे, आणि ६३८ म्हणजे साधा डार्क सी ग्रे त्याहून फिका. दुकानदार एकाच्या जागी दुसरा पाठवतात, तेव्हा नंबर बघून घ्या. हंब्रोल १२३ किंवा मिस्टर कलर ३३३ बरोबर आहेत. काळं अस्तर इथेही नको. आणि हा रंग स्कायच्या शेजारी असतानाच पारखायचा. एकटा बघितला तर काळा वाटतो, पांढऱ्या कागदावर ठेवला तर निळा.

१९५५ नंतरच्या अमेरिकन विमानांचा फिका करडा, ३६४४०, आणि पांढरा, १७८७५, फारसे त्रास देत नाहीत. करडा मॅट, पांढरा चकचकीत, एवढं सांभाळा. ढवळण्याचा नियम इथेही लागू आहे.

राहिली डिकल. सी हॉकच्या पंखावरचं भारतीय चक्र, बाहेर केशरी, मध्ये पांढरं, आत हिरवं, गडद करड्यावर चिकटवलं की केशरी तपकिरी होतो आणि पांढरा राखाडी, कारण डिकलचा रंग पातळ असतो. चिकटवण्याआधी चक्राच्या मापापेक्षा केसभर लहान गोल मास्किंग टेपमधून कापा, तिथे पांढऱ्याचे दोन पातळ हात द्या, कडा वॉटर पेपरने मऊ करा, ग्लॉस मारा आणि मग डिकल लावा. पँथरवरच्या पांढऱ्या ताऱ्यालाही हीच युक्ती. पँथरच्या पंखांच्या आणि शेपटीच्या पुढच्या कडा उघड्या धातूच्या होत्या. त्या अगदी शेवटी करा, निळा किमान आठवडाभर वाळल्यावर. टेप आधी तळहातावर दोनदा चिकटवून तिचा चिकटपणा कमी करा, नाहीतर निळ्याची चमक टेपबरोबर निघून येते.